तेल एकाच हातानं

मित्रांनो, या चढाच्या गल्लीत, भिंतीला खेटून, मागच्या चाकाखाली दगड लावून जी पांढरी पिकअप उभी दिसते ना, ती मी. जुनी आहे, हे वेगळं सांगायला नको. माझ्या दारावरच्या धुळीत तुम्हीच तर बोटांनी चित्रं काढता. परवा कुणीतरी मांजर काढलं होतं. शेपटी जरा लांब झाली होती, पण मांजर छान होतं. मला राग येत नाही. कुणाचा हात लागला की बरंच वाटतं.

मी आता चालत नाही. बॉनेटखाली माझं इंजिन आहे, पण त्याच्या कुशीला मूठ जाईल एवढं भोक पडलेलं आहे. ते कसं पडलं, ते तुम्हाला सांगते. ऐकून तुमच्यापैकी एकाचं जरी भलं झालं, तरी देवानं मला उगाच घडवलं नाही असं समजेन.

कारखान्यात माझे सगळे भाग जोडून झाले, तेव्हा तपासणीच्या एका बाईंनी माझ्या बॉनेटवर हात ठेवला आणि इंजिन चालू करायला सांगितलं. त्या थोडा वेळ डोळे मिटून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "शांत आहे." माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक. पुढे मला खूप जणांनी दणकट म्हटलं, ताकदीची म्हटलं, पण शांत पुन्हा कुणी म्हटलं नाही.

मला ज्यांनी घरी आणलं, त्यांना मी धनी म्हणते. घरात धनी, त्यांची बायको आणि दोन मुलं होती. बायकोला सगळी गल्ली आई म्हणायची, म्हणून मीही आईच म्हणते. मुलांना मोठा आणि धाकटा म्हणू. मोठ्याचं लग्न झालं तेव्हा सुनेचं कपाट, शिवणयंत्र आणि तुळशीचं रोप माझ्याच हौद्यातून आलं. ती घरात आली तशी धाकट्याची वहिनी झाली, आणि मीही तिला वहिनीच म्हणू लागले.

धनी मला फार जपायचे. सकाळी चावी फिरवली की लगेच पळवायचे नाहीत. म्हणायचे, झोपेतून उठलेल्या माणसाला कुणी धावायला लावतं का? इंजिन अंगात ऊब धरेपर्यंत हळू चालवायचे. मोठा चढ चढून आलं की लगेच बंद करायचे नाहीत, जरा दम घेऊ द्यायचे. हवेचा फिल्टर काढून धूळ झटकायचे. तेल काळं झालं की सगळं काढून नवं भरायचे. क्षमतेपेक्षा जास्त माल कुणी चढवू लागला, की स्वतः हौद्यात जाऊन उभे राहायचे. मग माल ठेवायला जागाच उरायची नाही.

इंजिनातलं तेल तपासायची त्यांची एक पद्धत होती. आमची गल्ली चढाची. माझं तोंड वर आणि पाठ खाली, अशी मी उभी असते. अशा वेळी पोटातलं तेल मागे सरकतं आणि मोजायची पट्टी तर पुढच्या बाजूला. त्यामुळे तेल पुरेसं असलं तरी पट्टीवर कमी दिसतं. म्हणून धनी मला गल्लीच्या तोंडाशी, इस्त्रीवाल्याच्या दुकानासमोरच्या सपाट जागेवर न्यायचे. इंजिन बंद करायचे आणि इस्त्रीवाल्याकडे चहा घ्यायचे. चहा संपेपर्यंत वर चढलेलं तेल निथळून खाली यायचं. मग खिशातलं फडकं काढून पट्टी पुसायची, पुन्हा घालायची, काढून बघायची. हवं असेल तर जराशी धार. बाकी कुणाला तेलाच्या डब्याला हात लावू द्यायचे नाहीत. म्हणायचे, "तेल एकाच हातानं घालायचं. भाजीत मीठ दोघांनी घातलं की काय होतं, ते घरात विचारा."

घरात आई हसायच्या. कारण ते एकदा झालेलं होतं, आणि दुसऱ्यांदा मीठ घालणारे धनीच होते.

त्यांच्या हाताखाली माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. सकाळी दुधाचे कॅन, दुपारी बांधकामाच्या दुकानाच्या फरशा आणि नळ. मुलं मोठी झाली तशी वाटणी ठरली. सकाळचं दूध मोठा पोहोचवायचा, दुपारनंतरच्या फरशा धाकटा. गाडी एकच, चावी एकच. ती दाराआतल्या खिळ्याला टांगलेली असायची.

मग धनी गेले. त्यांना शेवटचं दवाखान्यातून घरी मीच आणलं. त्याबद्दल जास्त सांगत नाही. माझ्या सीटला त्यांच्या पाठीचा खळगा पडला होता. पुढे कितीतरी दिवस त्यात दोघांपैकी कुणीच नीट बसत नव्हतं. पुढे सरकून, कडेवर बसून चालवायचे.

धनी गेल्यावर मी थकू लागले. चढावर काळा धूर सोडायचे. फरशा भरल्या की पाय ओढल्यासारखी चालायचे. मोठा म्हणायचा, वय झालंय तिचं, चालेल तेवढी चालेल. धाकट्याला ते पटेना. एका संध्याकाळी तो मला गॅरेजात घेऊन गेला. तिथले मिस्त्री मला ओळखत होते. त्यांनी माझी नोझल साफ केली, फिल्टर बदलला, व्हॉल्व्हची फट बेतशीर केली आणि डिझेलच्या पंपाचं सेटिंग जरासं वाढवलं. मित्रांनो, खरं सांगते, मला पुन्हा कारखान्यातून बाहेर पडल्यासारखं वाटलं. धूर गेला. पाय हलके झाले. येताना धाकटा गाणं गुणगुणत होता.

पण सकाळी मोठा आला. रोजच्या सवयीनं त्याने ॲक्सिलरेटरवर पाय दाबला आणि मी उडालेच. हौद्यातला एक कॅन दुसऱ्यावर आदळला, झाकण उडालं आणि दूध सांडलं. गल्लीच्या चढावरून पांढरा ओघळ थेट इस्त्रीवाल्याच्या उंबऱ्यापर्यंत गेला.

मोठा तसाच मला गॅरेजात घेऊन गेला. धाकटा तिथे बसलाच होता, मिस्त्रींचे आभार मानायला आला होता. मोठा फक्त म्हणाला, "विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतास."

"म्हणून विचारायचंच नाही?"

"बाबांची गाडी आहे. बाबा असते तर तुला विचारलं नसतं."

मिस्त्री पाना हातात धरून तसेच उभे राहिले. मोठा तिथून चालत घरी गेला. गाडी असताना चालत गेला. त्या दिवसापासून दोघांचा अबोला सुरू झाला.

चूक कुणाची होती, हे मी कितीदा तरी मनात घोळवलं आहे. धाकट्याने माझं भलंच केलं होतं. मोठ्याचंही खोटं नव्हतं. त्याचं दूध सांडलं होतं, आणि ज्या गाडीत आपण बसतो तिला काय केलंय हे माहीत असायचा हक्क त्याला होताच. दोन्ही बाजू खऱ्या असल्या की भांडण मिटत नाही, मित्रांनो. ज्याची चूक असेल तो निदान माफी तरी मागतो.

आईंनी त्याच आठवड्यात नेम धरला. दोघं एकमेकांशी बोलेपर्यंत गोड तोंडात घालायचं नाही. त्यांनी तो कुणाला सांगितला नाही, पण चहा बिनसाखरेचा झाला तेव्हा वहिनीला कळलं. वहिनीने दोघांनाही वेगवेगळं गाठून ते सांगितलं. दोघांनाही वाटलं, आधी दुसऱ्याने बोलावं.

अबोला धरलेली माणसं गप्प नसतात, हे मला तेव्हा कळलं. ती खूप बोलतात, फक्त दुसऱ्या कुणाशी तरी. आमच्या घरात ती माझ्याशी बोलायची. सकाळी मोठा माझ्या दारावर थाप मारून, घरात ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायचा, "काय गं, काल तुला चिखलात कुणी लोळवलं? पुसायला हात नव्हते का त्याला?"

आतून चूळ भरता भरता धाकटा म्हणायचा, "वहिनी, गाडीला सांगा, हात होते. फडकं नव्हतं. बाबांचं फडकं कुणीतरी खिशात घालून फिरतंय."

"सांग त्याला, फडकं मागितलं असतं तर दिलं असतं."

"सांगा त्यांना, मागायची भीती वाटते. विचारलं की दूध सांडतं."

वहिनी दोघांच्या मध्ये पोळपाट घेऊन बसलेली असायची. एकदा ती म्हणाली, "मी काय टपालखातं आहे का? तिकीट लावा आधी." त्या दिवशी दोघांच्याही ओठांच्या कडा हलल्या, पण दोघं वेगवेगळ्या दिशांना बघून हसले.

आता तेलाचं सांगते. माझं मरण त्यातच आहे.

धनी गेल्यावर तेल बघायचं काम मोठ्याकडे आलं होतं. अबोला झाल्यावर धाकट्याला वाटू लागलं की मोठा आता माझ्याकडे नीट बघत नसेल. मोठ्याला वाटायचं, धाकटा मला नुसता पळवतो, तेल जाळतो. विचारायची सोय नव्हती. म्हणून मोठा सकाळी निघण्याआधी पट्टी बघायचा. गल्लीतच, चढावर. खाली सपाटीवर न्यायचं आणि चहा संपेपर्यंत थांबायचं, तर इस्त्रीवाला विचारणार, धाकटा दिसला नाही बऱ्याच दिवसांत? ते मोठ्याला नको असायचं. चढावर तेल मागे गेलेलं. पट्टी कमी दाखवायची. मोठा पुटपुटायचा, "बघ, पार पिऊन टाकलं," आणि धार धरायचा.

दुपारी मोठा दूध पोहोचवून परत यायचा आणि चावी खिळ्याला अडकवायचा. ती डुलायची थांबण्याआधीच धाकटा उचलायचा. त्यालाही सपाटीवर जायचं नसायचं. तो तिथेच बॉनेट उघडायचा. इंजिन नुकतंच बंद झालेलं, तेल अजून वर अंगभर लागलेलं. पट्टी कमीच दाखवायची. "एवढं कमी, आणि तशीच चालवली," असं म्हणत तोही धार धरायचा. मोठ्याचा तेलाचा डबा ओट्याखाली असायचा. धाकट्याने स्वतःचा वेगळा आणून माझ्या सीटमागे ठेवला होता.

आईंनी दोन्ही डबे पाहिले होते. एकदा सीटमागचा डबा हातात घेऊन त्यांनी माझ्या बॉनेटवर हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "दोघंही जपतात गं तुला. देव ऐकतोय." त्यांना वाटलं, नेम फळतोय. मला ओरडून सांगावंसं वाटलं, आई, हे जपणं नाही, हे दोनदा घातलेलं मीठ आहे. पण मला घरघरण्यापलीकडे काय येतं?

पोट भरलेल्या माणसाला आग्रह करकरून वाढलं तर तो निदान पानावर हात आडवा धरतो. मला हात नाहीत. तेल इतकं वर आलं की आतला फिरता दांडा त्यात बुडून ते घुसळू लागला. तेलाचा फेस झाला. फेसाने वंगण होत नाही. जिथे तेल पोहोचायला हवं तिथे हवा पोहोचू लागली आणि लोखंडावर लोखंड घासू लागलं. माझ्या श्वासाच्या नळीतून तेलाचा ओलावा वर, हवेच्या वाटेत चढू लागला. मागून निळसर धूर यायला लागला. धूर मोठ्याने पाहिला, धाकट्यानेही पाहिला. दोघांनाही एकच वाटलं, तेल जळतंय, म्हणजे कमी पडतंय. धार आणखी मोठी झाली.

गॅरेजात नेलं असतं तर मिस्त्रींनी पट्टी बघताच कपाळाला हात लावला असता. पण सेटिंग तिथेच झालं होतं, म्हणून मोठा तिकडे पाऊल टाकेना. आणि न विचारता पुन्हा नेलं तर पुन्हा तेच ऐकावं लागेल, म्हणून धाकटा नेईना. जुनं तेल काढून नवं भरायचीही वेळ होऊन गेली होती. पण त्यासाठी एक दिवस काम बंद ठेवावं लागतं, आणि कुणाचं बंद ठेवायचं हे ठरवायला दोघांनी बोलावं लागतं. वरून घालणं एकट्यानं जमत होतं. तेवढंच दोघं करत राहिले.

तो दिवस इतर दिवसांसारखाच होता. मोठा दुपारी आला, चावी खिळ्याला अडकवली आणि दारातल्या दगडावर हातपाय धुवायला बसला. धाकट्याने बॉनेट उघडलं, पट्टी पाहिली, तेल घातलं, चावी फिरवली. मी सुरू झाले. आणि मग त्याने पाय न लावताच माझा आवाज चढू लागला. श्वासाच्या नळीतून आलेलं तेल आता डिझेलसारखं आत जळत होतं. मी माझंच तेल पिऊन धावत सुटले होते. धाकट्याने चावी बंद केली. मी थांबले नाही. त्याने चावी काढून हातात धरली. तरीही मी किंचाळतच होते. धुराने गल्ली भरली. भिंतीमागे कुत्री भुंकू लागली.

यावर उपाय होता. टॉप गिअर टाकायचा, ब्रेक जिवाच्या आकांताने दाबायचा आणि क्लच एकदम सोडायचा. इंजिन गुदमरून बंद पडतं. धनींनी हा उपाय मोठ्याला एकदा समजावला होता. धाकटा तेव्हा शाळेत असायचा, त्याला तो माहीत नव्हता.

मोठा ओल्या हातांनी उठला. वहिनी पिठाच्या हातांनी दारात आली. मोठा तिच्याकडे वळून म्हणाला, "त्याला सांग, टॉपमध्ये टाक आणि क्लच सोड म्हणावं." वहिनी धावली, पण माझ्या आवाजात तिचा आवाज तिलाच ऐकू येईना. ती हातवारे करत राहिली. मग मोठा स्वतः पुढे आला. माझ्या पुढ्यात उभा राहिला. काचेतून धाकट्याचा घाबरलेला चेहरा त्याला दिसत होता. त्याने तोंड उघडलं. मी सगळा जीव गोळा करून वाट पाहत होते.

आणि त्याने खाली बॉनेटकडे बघून मला सांगितलं, "टॉपमध्ये टाक गं. ब्रेक दाब. क्लच सोड."

सवय झाली होती, मित्रांनो. इतक्या महिन्यांची सवय. काचेपलीकडे भाऊ बसलेला असताना तो माझ्याशी बोलला. मी ऐकलं. पण मला पाय नाहीत.

धाकटा दार उघडून बाहेर पडला. तो लांब सरकतो न सरकतो तोच माझ्या आतला एक दांडा तुटला आणि कुशीचं लोखंड फोडून बाहेर आला. मग सगळं शांत झालं.

भोकातून तेल वाहू लागलं. दोघांनी घातलेलं सगळं तेल. ते गल्लीच्या चढावरून, एकदा दूध गेलं होतं त्याच वाटेने, इस्त्रीवाल्याच्या उंबऱ्यापर्यंत गेलं. दुकान सोडून तो बाहेर आला आणि वर बघत राहिला.

संध्याकाळी मिस्त्री आले. चपला काढून बाजूला ठेवल्या, कारण रस्ता निसरडा झाला होता. वाकून पाहिलं, बोटाने तेल चाचपलं, गल्लीभर नजर फिरवली. विचारलं, "एवढं तेल कुणी घातलं?"

"मी," मोठा म्हणाला.

"मी," धाकटा म्हणाला.

दोघं एकदमच म्हणाले. मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. किती तरी महिन्यांनी ते असं सरळ पाहणं होतं. दारात उभ्या आईंनी पदर तोंडाशी धरला. मला वाटलं, आता. आत्ता बोलतील. इंजिन गेलं तरी चालेल, पण आता बोलतील.

पण काय बोलणार? इतके दिवस राग होता. रागातून माणूस ओरडत का होईना, बाहेर येतो. आता त्याच्या जागी शरम आली होती. मोठ्याला आपण बॉनेटशी बोललो ते आठवत असेल. धाकट्याला सीटमागचा डबा. दोघांनीही नजर खाली घेतली. एक घरात गेला आणि दुसरा चढावरून वर निघून गेला.

मिस्त्री आईंना म्हणाले, "कमी असतं तर दिवा लागला असता, कळलं असतं. जास्तीचा दिवा नसतो, आई." मग म्हणाले, "दुसरं इंजिन बसवता येईल. बाकी गाडी धड आहे. दोघांनी एकत्र येऊन सांगावं, म्हणजे मी काम धरतो. एकाच्या सांगण्यावरून मी आता या गाडीला हात लावणार नाही."

दोघं एकत्र गेले नाहीत. आता मोठा दुसऱ्यांच्या टेम्पोत हमाल म्हणून कॅन चढवतो. धाकटा परक्याची गाडी चालवतो. मला मोडीतही काढत नाहीत, कारण कागदावर दोघांची नावं आहेत, आणि विकायचं म्हटलं तरी बोलावं लागतं. म्हणून मी इथे आहे. टायर बसले आहेत. हौद्यात पाला साचून कुजला आहे.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुमच्या घरी गाडी येईल. तिला जपा. ऊब आल्याशिवाय पळवू नका. हवेचा फिल्टर साफ ठेवा. तेल सपाटीवर उभी करून, थोडं थांबून बघा. हे सगळं कराच. पण डबा हातात घेण्याआधी, तुमच्या आधी जो तिच्यात बसला होता त्याला एकदा विचारा. घातलंस का? एवढे दोनच शब्द. माझं इंजिन अजून कितीतरी वर्षं चाललं असतं.

रोज दुपारी आई कपबशी घेऊन माझ्या हौद्याच्या मागच्या फळीवर येऊन बसतात. चहा अजून बिनसाखरेचाच आहे. आताशा त्या देव ऐकतोय असं म्हणत नाहीत. नेम मात्र मोडत नाहीत.

आणि एक सांगायचं राहिलं. सकाळी कामावर जाताना मोठा माझं बॉनेट उचलतो, पट्टी काढतो, पुसतो, बघतो. कोरडी असते. आत थेंब नाही हे त्यालाही माहीत आहे. जाताना धनींचं फडकं तो आता खिशात घालत नाही, वायपरखाली ठेवून जातो. संध्याकाळी धाकटा येतो, ते फडकं घेतो, पट्टी पुसतो, बघतो. मग फडक्याची नीट घडी घालून पुन्हा वायपरखाली ठेवतो.

बोलत मात्र कुणीच नाही. आता माझ्याशीसुद्धा नाही.